विनाकारण चालण्यास मनाई आहे

काजवालीला दिवस गेलेत हे कारखान्यात आधी तिच्या शेजारच्या कॉलरवालीला कळलं, आणि मग थेट घड्याळसाहेबांना. कॉलरवालीला कळलं, कारण तिलाही त्याच महिन्यात दिवस गेले होते आणि दोघींना एकाच वेळी मळमळायचं. घड्याळसाहेबांना कळलं, कारण काजवाली एका दिवसात पाचव्यांदा बाथरूमला गेली आणि त्यांनी ते वहीत वेळेसकट लिहून ठेवलं.

शर्ट शिवायचा कारखाना होता तो. एका ओळीत बत्तीस मशिनं. कुणी नुसती बाही जोडायची, कुणी नुसता खिसा, कुणी कॉलर. ही काजाच्या मशीनवर, म्हणजे बटणासाठी भोक पाडायचं आणि त्याला काठ घालायचा. वर्षानुवर्षं शर्टाचा एकच तुकडा हाताखालून गेला की बाईचं नावही तेच पडतं. सुपरवायझर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून फिरायचे, म्हणून ते घड्याळसाहेब. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

तिसऱ्या महिन्यात काजवाली सरकारी दवाखान्यात नाव घालायला गेली. तिथल्या सिस्टर चाळीस बायकांना एका सकाळी बघायच्या आणि तरी प्रत्येकीला वाटायचं, आपल्याशी त्या जरा जास्त बोलल्या.

"घरात कुणाला साखर?" सिस्टरनी विचारलं.

"आईला होती. आणि मोठ्या बहिणीला पोटुशी असताना झाली."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मूल केवढं झालं तिला?"

"साडेचार किलो. सगळे म्हणाले, काय गुटगुटीत आहे! पण ताईचे फार हाल झाले. आणि बाळाची साखर एकदम उतरली, चार दिवस काचेच्या पेटीत होतं."

"आणि ताई आता?"

"आता तिला कायमच्या गोळ्या आहेत."

सिस्टरनी तिथल्या तिथे तिच्या बोटाला सुई टोचली. साखर ठीक निघाली. "आत्ता ठीक आहे. पण गरोदरपणात ती वाढते ती पुढे, पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. घरात आहे म्हणजे तुला भीती जास्त. आजपासून सांभाळलंस तर टळू शकते. टळेलच असं नाही सांगत, पण शक्यता वाढते. सहाव्या महिन्यात पुन्हा तपासू."

मग सिस्टरनी कपाटातून एक गुळगुळीत, रंगीत कागद काढला. तो 'सुदृढ माता' नावाच्या प्रकल्पाचा होता. त्यावर एक सडपातळ गरोदर बाई पांढरे बूट घालून तळ्याकाठी चालत होती. खाली आहार लिहिला होता: सकाळी भिजवलेले बदाम आणि अक्रोड, दुपारी पाच रंगांची कोशिंबीर ऑलिव्हच्या तेलात, चार वाजता बेरी, संध्याकाळी वाफवलेला समुद्री मासा. दिवसभरात भरपूर पाणी. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: 'ताण घेऊ नका.'

काजवालीने कागद दोनदा वाचला. "सिस्टर, यातलं पाणी आहे आमच्याकडे. तेही नळाला आलं तर."

"मला हा कागद द्यावाच लागतो, दिल्याची सही घेतात," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पेनने चार ओळी लिहिल्या. ताटात भात निम्मा, पालेभाजी दुप्पट. रोज डाळ किंवा चणे किंवा अंडं. चहा बिनसाखरेचा, बिस्किट नाही. दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं चाल.

"एवढंच?"

"एवढंच. पण तू एवढं रोज करून दाखव, मग आपण बोलू."

एवढंच म्हणजे किती असतं ते काजवालीला त्याच संध्याकाळी कळलं. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. पगार बेताचा, पण दिवसाचा न खपलेला माल भट्टीवाल्यांनी वाटून घ्यायचा अशी तिथे रीत होती. त्यामुळे घरात काही असो-नसो, पाव, बन आणि तुटकी बिस्किटं यांना तोटा नव्हता. न्याहारीला पाव, चहाबरोबर बिस्किट, रात्री भात कमी पडला तर पुन्हा पाव. फुकट मिळतं ते पोटाला वाईट असतं, हे पचवायला घरातल्या कुणाचीच तयारी नव्हती.

सासूबाईंची तर मुळीच नव्हती. "दोन जिवांची बाई, आणि ताट निम्मं?" त्यांनी काजवालीच्या ताटात भाताचा दुसरा डोंगर उभा केला. "आम्ही काय कागद वाचून पोरं काढली? खा गपचूप. तुझ्या बहिणीचं पोर बघ कसं भोपळ्यासारखं होतं."

"आई, ते भोपळ्यासारखं होतं म्हणूनच तर ताईला एवढे टाके पडले."

"टाके काय, शिवणारी बाई तू. टाक्यांना भितेस होय!"

काजवालीने भात कालवायला घेतला. चहाच्या बाबतीत मात्र तिने हट्ट धरला. चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी बिनसाखरेचा चहा तिला जरा जास्तच आवडला, तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. सासूबाई साखरेच्या डब्याचं झाकण लावत होत्या.

"चमचाभरच घातली," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाला कडू पाजू नकोस."

तोड नवऱ्याने काढली. तो बोलायचा कमी, कारण भट्टीपुढे तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. त्याने सिस्टरचा कागद उलटसुलट करून पाहिला, बदामाच्या ओळीवर थोडा वेळ थांबला आणि दुसऱ्या दिवशी घरी आला तो पावाऐवजी पालेभाजीच्या तीन जुड्या घेऊन. बेकरीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसायची. सांजेला तिची पालेभाजी मलूल व्हायची, सकाळपर्यंत टिकायची नाही. आणि तिच्या घरी पाच तोंडं. "मी म्हटलं, मावशी, तुमची न खपलेली भाजी मला द्या, माझा न खपलेला पाव तुम्ही घ्या," त्याने सांगितलं. "ती म्हणाली, देवानेच पाठवलं तुला."

"अहो, पण मग तिच्या पोरांच्या पोटात तो पाव जाईल," काजवाली म्हणाली.

नवऱ्याने जुड्या सोडल्या. "तीही अर्धी भाजी घरी ठेवतेच की. अर्धा-अर्धा. मी तिला कागदाची मागची बाजू वाचून दाखवली."

घर असं हळूहळू वळणावर आलं. सासूबाईंनी पालेभाजीवर तोंड वाकडं करत करत एक दिवस त्यात डाळ घातली, लसणीची फोडणी दिली आणि जाहीर केलं की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. कुणी हरकत घेतली नाही.

राहिलं चालणं. संध्याकाळचं सोपं होतं, गल्लीतून दोन चकरा झाल्या की झालं. दुपारचं कठीण. कारखान्यात जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात हात धुवायची रांग, डबा, पुन्हा हात धुवायची रांग. उरलेल्या वेळात बायका मशीनवर डोकं ठेवून डुलक्या काढायच्या. काजवालीने डबा बारा मिनिटांत संपवायला सुरुवात केली आणि मग ती चालायला लागली: इस्त्रीच्या टेबलापासून कटिंगच्या टेबलापर्यंत, तिथून बटणांच्या पोत्यांना वळसा घालून परत. दुसऱ्या दिवशी कॉलरवाली तिच्याबरोबर निघाली. सिस्टरनी तिलाही कागदाची मागची बाजू दिली होती.

कॉलरवाली अंगाने बारीक, स्वभावाने काटेकोर. ती फेऱ्या मोजायची. "बावीस झाल्या. तेविसावी अर्धी राहिली," असं म्हणत भोंगा वाजताना जागेवर बसायची.

आठवड्याभरात खिसेवाली आली. ती गरोदर नव्हती, पण तिचे पाय सुजायचे आणि चालल्यावर बरं वाटलं. मग बाहीवाल्या दोघी आल्या. मग इस्त्रीवाली आली, कारण सगळ्या तिच्याच टेबलाला वळसा घालत असताना एकटीने बसायला तिला बरं दिसेना. पंधरा दिवसांनी एकोणीस बायका जेवण झाल्यावर रांगेने कारखान्यात फिरत होत्या आणि चपलांचा फटफट आवाज वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात ऐकू जात होता.

एकोणीस बायका एका दिशेने, न बोलता चालत असलेल्या बघून मोठ्या साहेबांना एकच गोष्ट आठवली. त्यांनी घड्याळसाहेबांना वर बोलावलं.

"मोर्चा आहे का?"

"घोषणा नाहीत, साहेब."

"म्हणजे मूक मोर्चा. तो जास्त वाईट. मागण्या काय आहेत?"

"विचारलं मी. जेवण पचवायचंय म्हणतात."

मोठे साहेब हसले नाहीत. तीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला जेवण पचवायचंय याचा अर्थ समजतो: आज पचन, उद्या पगारवाढ. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाच्या आत नोटीस लागली:

'जेवणाच्या सुट्टीत एकापेक्षा अधिक व्यक्तींनी एकाच दिशेने विनाकारण चालण्यास मनाई आहे. आज्ञेवरून.'

आता ज्या भिंतीवर ही नोटीस लागली, तिच्याच वर तीन महिन्यांपासून एक भलामोठा फलक होता. 'सुदृढ माता' प्रकल्पाला या कारखान्याने हातभार लावला होता, त्याचा तो फलक. त्यावर तीच सडपातळ बाई, तेच तळं, आणि हातभर अक्षरात: 'चला, चालू या!' फलक लावताना शिडी आणली होती. नोटीस लावताना शिडीची गरज पडली नाही. त्यामुळे वर काय लिहिलंय ते कुणी पाहिलं नसावं.

बायका नोटिशीपुढे उभ्या राहिल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कॉलरवालीने वाचून दाखवली, दोनदा. काजवालीने हिशेब केला. नोकरी गेली तर बाळंतपणाची रजा गेली, आणि रजा गेली तर सगळंच गेलं. ती जागेवर जाऊन बसली. दोन दिवस कुणीच चाललं नाही. तिसऱ्या दिवशी डबा संपवता संपवता कॉलरवाली म्हणाली, "मी ती नोटीस नीट वाचली."

"मग?"

"एकाच दिशेने चालायला मनाई आहे. वेगवेगळ्या दिशांनी चालायला नाही. आणि विनाकारण चालायला मनाई आहे."

काजवालीने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून पोत्यातून एक बटण उचललं, मुठीत धरलं आणि उठली.

त्या दुपारी घड्याळसाहेब खाली आले तेव्हा त्यांना जे दिसलं ते त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकोणीस बायका एकोणीस दिशांनी चालत होत्या. कुणी उभी, कुणी आडवी, कुणी कोपऱ्यातून तिरकी. एकमेकींना धडकत होत्या, "अगं बाई, माफ कर" म्हणत होत्या आणि पुन्हा निघत होत्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं.

"कुठे चाललात?" त्यांनी काजवालीला अडवलं.

"बटण पोचवायला, साहेब."

"कुठे?"

"तिकडे." तिने इस्त्रीच्या टेबलाकडे बोट केलं.

"आणि ही?"

कॉलरवालीने मूठ उघडली. "मी तिकडचं बटण इकडे आणतेय."

घड्याळसाहेबांनी स्टॉपवॉच दाबलं, कारण काहीतरी दाबणं भाग होतं. नियम कुठे मोडलाय ते त्यांना सापडेना. त्यांनी वहीत लिहिलं: 'बटणांची वाहतूक सुरू.' आणि वर कळवलं नाही. त्यामागे एक कारण होतं, ते दोन दिवसांनी कळलं. भोंगा व्हायच्या आत ते काजवालीच्या मशीनपाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तो मागच्या बाजूला लिहिलेला कागद म्हणे आहे तुझ्याकडे. माझ्या मुलीला चौथा महिना आहे. दाखव जरा." त्यांनी चारही ओळी स्टॉपवॉचच्या वहीत उतरवून घेतल्या. "ही कशाला चालते, ती कशाला चालते, मला काय कळत नाही असं समजू नका," असं म्हणून ते निघून गेले.

सगळं असंच चाललं असतं, पण प्रकल्पाला पाहणी करायची होती. प्रकल्पाच्या सल्लागारबाई आल्या त्या दोन गाड्या आणि एक छायाचित्रकार घेऊन. त्यांच्या हस्ते 'चालपट्टी'चं उद्घाटन होणार होतं. चालपट्टी म्हणजे कारखान्यामागे, कचऱ्याच्या ढिगाच्या अलीकडे, हिरव्या रंगाने रंगवलेली चाळीस पावलांची फरशी. ती आदल्या दिवशी रंगवली होती. रंग ओला असल्यामुळे तिच्यावर चालायला मनाई होती. म्हणून तिच्या कडेने खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर गरोदर बायकांना पुढे आणि बाकीच्यांना मागे बसवलं.

सल्लागारबाई बसून राहण्याचे धोके या विषयावर एक तास दहा मिनिटं बोलल्या. बायका हलल्या नाहीत. मग सगळ्यांना गुलाबी सरबत आणि क्रीमचा केक दिला. केकवर साखरेच्या अक्षरात 'साखर टाळा' असं लिहिलं होतं. 'टाळा' कॉलरवालीच्या वाट्याला आलं, ते तिने खिसेवालीला दिलं. काजवालीने सरबत फुलझाडाच्या कुंडीत ओतलं.

उद्घाटनात सुट्टीची वेळ टळून गेल्यामुळे बायकांना त्यानंतर जेवायला सोडलं. सल्लागारबाई कारखाना बघत फिरत असताना त्यांच्यापुढे बटणांची वाहतूक सुरू झाली. त्या थबकल्या.

"हे काय चाललंय?"

मोठे साहेब पांढरे पडले. त्यांनाही हे पहिल्यांदाच दिसत होतं. घड्याळसाहेब छताकडे बघत होते.

"अं... आमचाच उपक्रम," मोठे साहेब म्हणाले.

"अगदी अभिनव!" बाईंनी समोरून येणाऱ्या काजवालीला थांबवलं. "ताई, तुमच्या हातात काय आहे?"

"बटण."

"आणि ते हातात का?"

काजवालीने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. खरं सांगावं तर नोकरी जाते, खोटं सांगावं तर जीभ झडते. "ते नसलं तर चालता येत नाही, बाई," ती म्हणाली. आणि हे अक्षरशः खरं होतं.

सल्लागारबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे डोळे पाणावले. "पाहिलंत? वर्तनबदलासाठी एक छोटीशी, हातात धरता येईल अशी खूण! आमच्या तज्ज्ञांना तीन वर्षांत जे सुचलं नाही..."

"बाई, एक सांगू?" काजवालीने धीर केला. तिला वाटलं, एवढी मोठी बाई समोर उभी आहे, उद्या नसेल. "बटणाचं राहू द्या. जेवायची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली तर नीट जेवून चालता येईल. आणि मध्ये एकदा उठून पाय मोकळे करायला दिले तर आणखी बरं. बाकी काही नको आम्हाला."

मागे बाकीच्या अठराजणी जागच्या जागी थांबल्या होत्या.

"फार सुंदर सूचना," सल्लागारबाई म्हणाल्या आणि ती 'पुढील टप्पा' या मथळ्याखाली लिहिली. मग त्यांनी बटणासह काजवालीचा फोटो काढून घेतला.

महिन्याभराने अहवाल आला. त्यात 'बटण पद्धत' हे आख्खं प्रकरण होतं. आता इतर कारखान्यांतल्या बायकांनाही प्रत्येकी एक बटण आणि ते कसं धरावं याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळणार होतं, अर्थात बसून. सुट्टी काही वाढली नाही. पण ज्या चालण्याची अहवालात स्तुती झाली ते बंद कसं करणार? मोठ्या साहेबांनी नोटीस स्वतः काढली, आणि घड्याळसाहेबांना 'चाल समन्वयक' केलं. ते दुपारी शिट्टी वाजवायचे आणि चार मिनिटं उशिरा भोंगा द्यायचे. त्यांच्या घड्याळात हल्ली काहीतरी बिघाड झालाय, असं ते वर कळवायचे.

सहाव्या महिन्यात सिस्टरनी काजवाली आणि कॉलरवालीला एकाच सकाळी तपासणीला बोलावलं. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. सिस्टरनी दोघींच्या हातात पेलाभर गोड पाणी दिलं. इतकं गोड की ओठ चिकटले. ते पिऊन दोन तास बसायचं आणि मग रक्त द्यायचं होतं.

सासूबाईंनी पेल्यात बोट बुडवून चाखलं आणि त्या उसळल्याच. "वा गं वा! मी चहात चमचाभर घातली तर मी चोर, आणि तुम्ही पेला भरून पाजली तर तपासणी?"

"आजी, शरीर एवढी साखर कशी झेपवतं ते बघायचंय."

"मग आधी मलाच विचारलं असतंत. मी तीन महिने तेच बघत होते."

दोन तासांनी रक्त घेतलं. काजवालीची साखर ठीक निघाली. तिने डोळे मिटून श्वास सोडला. सासूबाईंनी आकडा विचारला, त्यांना तो कळला नाही, पण त्या शेजारच्या तीन बायकांना सांगून आल्या.

कॉलरवालीची वाढलेली निघाली.

कागदावरचा आकडा तिने दोनदा वाचला, नोटीस वाचली होती तसाच. मग म्हणाली, "मी एक फेरी चुकवली नाही, सिस्टर. केकसुद्धा खाल्ला नाही मी."

काजवालीला तिच्याकडे बघवेना. आपलं ठीक निघालं याची तिला एकदम लाज वाटली.

"मला माहितीय," सिस्टर म्हणाल्या. त्या उठून तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "नीट ऐक. काहींना सगळं करूनही होते. काही आपल्या हातात असतं, काही नसतं. तुझ्यात काही खोट नाही. आणि जे केलंस ते वाया नाही गेलं. न करतीस तर हा आकडा आणखी मोठा असता, असं मला वाटतं. आता हेच चालू ठेव. आठवड्याला साखर बघू. त्याने उतरली तर उत्तम, नाहीतर इन्सुलिन देऊ. बाळ सुखरूप येईल."

एवढ्यात प्रकल्पाचा नोंदणीवाला आपला छोटा कॉम्प्युटर घेऊन पुढे सरकला. त्याला त्या दिवसाचे निकाल भरायचे होते. त्याच्यापुढे दोनच रकाने होते: 'यशस्वी' आणि 'सूचनांचे पालन केले नाही'. त्याने काजवालीला पहिल्यात टाकलं आणि कॉलरवालीला दुसऱ्यात टाकायला बोट उचललं.

"थांबा," काजवाली म्हणाली. "पालन केलं नाही असं कसं लिहिता? माझ्यापेक्षा जास्त केलं तिने. मी एकदा बिस्किट खाल्लं, खोटं कशाला बोलू."

"ताई, साखर वाढली म्हणजे पालन केलं नाही. सिस्टीम तसंच धरते."

"मग मलाही तिथेच टाका."

"तुमची वाढलेली नाही ना!"

"पण मी बिस्किट खाल्लंय ना!"

नोंदणीवाल्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी आपलं कागदी रजिस्टर उघडलं, पट्टी घेतली, पेनने तिसरा रकाना आखला आणि त्यात लिहिलं: 'सर्व पाळले, तरी झाली. उपचार चालू.' मग रजिस्टर त्याच्यापुढे ढकललं. "हे भरा."

"यात तिसरा रकाना नाही, सिस्टर."

"मग वरच्यांना सांगा, बाईच्या अंगात आहे म्हणावं."

कॉलरवाली पहिल्यांदा हसली, अर्धवट. मग रडली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उद्यापासून तुझा डबा माझ्याकडून. पालेभाजीत डाळ घालायची माझी एक पद्धत आहे."

पुढचे तीन महिने कॉलरवाली चालली, आठवड्याला बोट टोचून घेत राहिली आणि शेवटचा दीड महिना इन्सुलिनही घेतलं. काजवालीला मुलगी झाली. सासूबाईंनी वजन विचारलं आणि दोन किलो नऊशे ऐकल्यावर क्षणभर हिरमुसल्या. मग टाके किती कमी पडले ते कळलं आणि त्यांनी विषय काढला नाही. नऊ दिवसांनी कॉलरवालीला मुलगा झाला, तीन किलो शंभर. दिवसभर त्याच्या टाचेला टोचून साखर तपासत होते. ठीक राहिली. पेटी लागली नाही.

प्रकल्पाचा शेवटचा अहवाल मधल्या काळात निघाला. त्यात यश शंभर टक्के होतं. कॉलरवालीला शेवटी कुठल्या रकान्यात टाकलं, ते तिला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी दवाखान्यात गेल्यावर कळलं. साखर पुन्हा तपासायची होती. काजवालीही आपली मुलगी काखोटीला मारून सोबतीला आली होती. नोंदणीवाल्याने नाव शोधलं आणि मान हलवली.

"यांची तपासणी इथे होणार नाही. यांनी गाव सोडलंय."

"कोणी?" कॉलरवालीने विचारलं.

"तुम्ही. सहाव्या महिन्यातच. पत्त्यापुढे 'स्थलांतरित' असं आहे, म्हणून निकालात नाव नाही."

"अहो, मी तिसऱ्या गल्लीत राहते. बाळंतपण याच दवाखान्यात झालं माझं."

"असेल. पण सिस्टीममध्ये तुम्ही गेलात. परत आल्याचा काही पुरावा आणलाय?"

कॉलरवालीने दुपट्यातला मुलगा उचलून टेबलावर, बरोबर कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवला. त्याने छत भेदेल असा टाहो फोडला आणि टेबल ओलं केलं. नोंदणीवाला कॉम्प्युटर उचलून मागे पळाला.

"पुरावा मिळाला," सिस्टर आतून म्हणाल्या. "या गं आत."

साखर पूर्ववत झाली होती. सिस्टरनी बजावलं की सुटलो असं समजायचं नाही, वर्षाला एकदा तपासायची, पुढच्या खेपेला सुरुवातीपासून. कॉलरवालीने मान डोलावली आणि तारीख वहीत लिहून घेतली. मग दोघींनी पोरं बदलली, कारण काजवालीची मुलगी झोपली होती आणि कॉलरवालीचे हात दुखत होते, आणि सोमवारपासून कामावर जायचं तर पाळणाघराची सोय काय करायची, यावर भांडत दोघी बाहेर पडल्या.